जड तारे आणि त्यांच्याभोवतीचा वायू : खानदेशातून निरीक्षण कसे करावे

ताऱ्यांच्या जन्माविषयी मराठीत जे वाचायला मिळते, त्यात बहुधा थंड मेघ, त्याचे आकुंचन आणि मध्यभागी प्रज्वलित झालेला तारा एवढाच क्रम असतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आपल्या आकाशगंगेतील रेणवीय मेघांमध्ये, म्हणजे ज्यांत हायड्रोजन रेणूंच्या रूपात असतो अशा थंड मेघांमध्ये, सूर्याच्या सुमारे शंभर कोटी पट वायू आहे. हा वायू केवळ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळत राहिला असता, तर दरवर्षी शंभराहून अधिक सूर्य घडतील एवढे द्रव्य ताऱ्यांत गेले असते. प्रत्यक्षात वर्षाला एक-दोन सूर्यांपुरतेच जाते. उरलेल्या वायूला अडवते कोण, या प्रश्नाच्या उत्तरात वायूतील खळबळ आणि चुंबकीय क्षेत्रे यांचा वाटा आहेच, तथापि सर्वांत ठळक वाटा त्याच वायूतून जन्मलेल्या मोजक्या जड ताऱ्यांचा आहे.

येथे जड तारा म्हणजे सूर्याच्या किमान आठ पट वस्तुमानाचा तारा असे समजावे. नव्याने जन्मणाऱ्या शंभर ताऱ्यांत असा एकही निघेलच याची खात्री नसते. तरीही मेघाचे पुढे काय होणार हे तोच ठरवतो, आणि हे घडताना पाहण्यासाठी हिवाळ्यातील मृग नक्षत्राइतकी सोयीची जागा आकाशात दुसरी नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून मृगाचा तेजोमेघ, म्हणजे तेथील चमकणाऱ्या वायूचा पट्टा, मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो तेव्हा क्षितिजापासून सुमारे ६३ अंश उंचीवर असतो. म्हणजे हवेचा जाड थर आणि शहरांचा उजेड या दोहोंच्या बऱ्याच वर. एक बऱ्यापैकी द्विनेत्री आणि थंडीत तीन-चार तास बसण्याची तयारी असेल, तर जड ताऱ्याच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक टप्पा आणि त्या टप्प्यावर वायूचे झालेले रूप एकाच रात्रीत क्रमाने पाहता येते. तो क्रम कसा लावावा आणि दिसेल त्याचा अर्थ कसा लावावा, हे पुढे सांगितले आहे.

आधी घटनाक्रम

निरीक्षणाला बसण्यापूर्वी जड तारा वायूवर कोणत्या क्रमाने काम करतो हे डोक्यात पक्के असावे, कारण तो क्रम उलटा समजला की पुढचे सगळे चुकत जाते.

पहिले हत्यार प्रकाश. जड ताऱ्याचा पृष्ठभाग तीस-चाळीस हजार अंश तापलेला असतो, त्यामुळे त्याच्या प्रकाशात अतिनील किरणांचा भरणा असतो. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा किरण हायड्रोजनच्या अणूवर पडला की त्याचा इलेक्ट्रॉन सुटतो, म्हणजे अणूचे आयनीभवन होते. तापमान आणि आयनीभवन यांचे गणित मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले होते. ताऱ्याभोवती असा आयनीभूत वायूचा गोल किती दूरवर पसरेल, हे डॅनिश खगोलशास्त्रज्ञ स्ट्रमग्रेन यांनी १९३९ मध्ये दाखवले. या गोलातील वायू सुमारे दहा हजार अंशांपर्यंत तापतो, तर शेजारचा रेणवीय मेघ निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम दहा-वीस अंशांवर असतो. दाबातील या तफावतीमुळे तापलेला वायू सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर फुगू लागतो. हा वेग खगोलीय मानाने मंदच म्हणायचा, पण लहान मेघाच्या गुरुत्वाकर्षणातून निसटायला तेवढा पुरतो.

दुसरे हत्यार ताऱ्याचा वारा. जड ताऱ्याच्या पृष्ठभागावरून द्रव्य सेकंदाला हजार ते तीन हजार किलोमीटर वेगाने सतत निघून जात असते आणि ते भोवतालच्या वायूत पोकळी कोरते. तिसरे हत्यार स्फोटाचे, आणि ते सर्वांत शेवटी बाहेर निघते. सूर्याचे आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षांचे. अत्यंत जड तारा तीस-चाळीस लाख वर्षांत संपतो आणि आठ-दहा सूर्यांइतका तारा तीन-चार कोटी वर्षे टिकतो. म्हणजे मेघात पहिला अतिनवतारा (स्फोट होऊन संपणारा तारा) फुटेपर्यंत प्रकाश आणि वारा यांनी तीस-चाळीस लाख वर्षे काम केलेले असते. लोकप्रिय लेखनात सगळे श्रेय स्फोटाला दिले जाते, कारण स्फोट नाट्यमय असतो. शेजारच्या दीर्घिकांच्या निरीक्षणांत मात्र असे दिसते की अनेक मेघ पहिला स्फोट होण्यापूर्वीच विस्कटलेले असतात. स्फोटाचे खरे सामर्थ्य त्यानंतर कळते: आधीच मोकळ्या झालेल्या विरळ जागेत तो झाला, तर त्याची ऊर्जा दाट वायूला तापवण्यात आणि लगेच प्रारणाने निघून जाण्यात वाया जात नाही, ती शेकडो प्रकाशवर्षे दूर पोचते.

जागा, रात्र आणि साहित्य

जानेवारीच्या मध्यावर मृगाचा तेजोमेघ रात्री साधारण साडेदहाच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यावर साडेआठच्या आधीच मध्यमंडलावर येतो. अमावास्येच्या मागचे-पुढचे चार दिवस निवडावेत. पौष आणि माघ या महिन्यांच्या अमावास्या सर्वांत सोयीच्या. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीलाच येत असल्याने त्या रात्री चंद्र पहाटेपर्यंत आड येत नाही, आणि तसेही अनेक जण त्या रात्री जागेच असतात.

जळगाव-भुसावळच्या बाजूचा उजेड दीपनगरच्या वीज केंद्रापर्यंत सलग पसरलेला आहे, त्यामुळे यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातून पाहणाऱ्याचे दक्षिणेचे आकाश धुपलेले असते. मृग उंच असल्याने त्याला फारसा फरक पडत नाही, पण पुढे सांगितलेल्या दक्षिणेकडील वस्तू तेथून हाती लागत नाहीत. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेल्या तोरणमाळच्या पठारावर हवा स्वच्छ आणि अंधार चांगला असतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा परिसरही काळोखाचा आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख येथलाच, त्यामुळे आकाशनिरीक्षकाला त्या जागेचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तेथे दक्षिणेला डोंगराची भिंत आहे आणि परिसर अभयारण्याचा असल्याने रात्री थांबायचे तर वनविभागाची परवानगी लागते. दक्षिण क्षितिज मोकळे हवे असेल तर चोपडा-अमळनेरकडील तापीकाठची सपाटी बरी. कोठेही गेलात तरी एकट्याने जाऊ नये. केळी आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आता नवलाचा राहिलेला नाही.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असेल तर निरीक्षण तिच्या आधी तरी करावे किंवा विस्तव विझल्यावर तासाभराने तरी. पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ डोळ्यांची अंधाराला लागलेली सवय क्षणात मोडतो, आणि ती पुन्हा लागायला वीस-तीस मिनिटे जातात. शिवाय थंड रात्री धूर वर न जाता वावरावरच तरंगत राहतो. नकाशा पाहण्यासाठी टॉर्चला लाल जिलेटीन कागद दुहेरी बांधावा. पाट किंवा बागायत जवळ असेल तर मध्यरात्रीनंतर भिंगांवर दव धरते. पुठ्ठ्याची वीतभर नळी करून पुढे चढवली तर बराच वेळ निभावते.

साहित्यात १० × ५० ची द्विनेत्री पुरेशी आहे, पण ती तिपाईवर बसवलेली असावी. हातात धरलेल्या द्विनेत्रीतून दिसणारा तेजोमेघ आणि स्थिर द्विनेत्रीतून दिसणारा तेजोमेघ यांत एवढा फरक पडतो की तिपाईवरचा खर्च मला द्विनेत्रीवरच्या खर्चाइतकाच आवश्यक वाटतो. १३० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या आरशाची दुर्बीण मिळाली तर पुढच्या भागातील बारकावे दिसतील.

सुरुवात मृगाच्या तेजोमेघापासून

मृगाच्या पट्ट्यातील तीन ताऱ्यांच्या खाली, म्हणजे दक्षिणेला, अंधुक ताऱ्यांची एक उभी ओळ आहे. तिच्या मधल्या ताऱ्याभोवती नुसत्या डोळ्यांनाही धूसरपणा जाणवतो. हा तेजोमेघ सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. द्विनेत्रीत तो पंख्यासारखा उघडलेला दिसतो. आता घाई न करता त्याच्याकडे किमान दहा मिनिटे पाहावे, थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवून पाहावे, कारण डोळ्याच्या मध्यभागापेक्षा कडेचा भाग मंद उजेडाला अधिक संवेदनशील असतो.

दुर्बिणीतून चाळीस-पन्नास पट विशालनाला मध्यभागी चार तारे समलंब चौकोनात उभे दिसतात. त्यांतील सर्वांत तेजस्वी तारा, ज्याला खगोलशास्त्रज्ञ थीटा-एक सी म्हणतात, सूर्याच्या तीसहून अधिक पट वस्तुमानाचा असून त्याचा पृष्ठभाग सुमारे ३९,००० अंश तापलेला आहे. डोळ्यांना दिसणारा जवळजवळ सगळा प्रकाश या एका ताऱ्याच्या अतिनील किरणांनी पेटवलेला आहे. बाकीचे तिघे आणि भोवतालचे हजारो लहान तारे या बाबतीत नगण्य आहेत. येथे पुस्तकातील विधान डोळ्यांसमोर उभे राहते: मेघात तारे पुष्कळ, पण वायूचा कारभार एकाच्या हाती.

आता ताऱ्यांवरून नजर काढून वायूच्या कडांकडे वळवावी. हीच या निरीक्षणाची मुख्य युक्ती आहे. चौकोनाच्या ईशान्येकडून एक काळी खाच तेजोमेघात घुसलेली दिसते. ती रिकामी जागा नसून पुढ्यात आलेला, अद्याप न पेटलेला, धुळीने भरलेला वायू आहे. चौकोनाच्या आग्नेयेला उजेडाची एक बरीच सरळ, उठावदार कड दिसते. ही कड म्हणजे आयनीभवनाची आघाडी आपल्याला आडव्या बाजूने दिसते आहे: तिच्या अलीकडे दहा हजार अंशांचा चमकता वायू, पलीकडे थंड रेणवीय मेघ, आणि मधल्या पातळ थरात अतिनील किरण रोज थोडाथोडा मेघ खरवडत आहेत. ही कड ओळखता आली की तेजोमेघ हा ढग वाटेनासा होतो. तो प्रत्यक्षात एका मोठ्या काळ्या मेघाच्या आपल्याकडील पृष्ठभागावर पडलेला उघडा फोड आहे, आणि मूळ मेघ त्याच्या मागे अजून शाबूत आहे. त्या मागच्या अंधारातही तारे जन्मत आहेत, पण ते अवरक्त आणि रेडिओ किरणांनीच दिसतात.

वाऱ्याचे काम डोळ्यांना दिसत नाही, तरी ते मोजलेले आहे. विमानात बसवलेल्या सोफिया या अवरक्त दुर्बिणीने आयनीभूत कार्बनच्या प्रारणात या भागाचा नकाशा काढला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विश्लेषणात असे आढळले की थीटा-एक सीच्या वाऱ्याने समोरच्या बाजूला एक मोठा फुगा फुगवला असून त्याचे कवच सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येत आहे. या फुग्याच्या आत नवे तारे बनण्याजोगा दाट वायू उरलेला नाही.

रंगाविषयी एक सूचना करावीशी वाटते. छायाचित्रांतील लाल-गुलाबी तेजोमेघ पाहून आलेल्या नवख्या माणसाची येथे निराशा होते. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा अंधारात डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. जो राखाडी, मोठ्या दुर्बिणीत किंचित हिरवट भासणारा रंग दिसतो त्यात ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटर रेषेचा मोठा हिस्सा असतो. ही रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळत नसल्याने ती एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असावी असे कित्येक दशके मानले जात होते. ती अत्यंत विरळ वायूतील आयनीभूत ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये उलगडले.

पट्ट्याकडे आणि वर

तेजोमेघाकडून उत्तरेला सरकत पट्ट्यापर्यंत यावे. हा प्रवास काळातून मागे जाण्यासारखा आहे. तेजोमेघातील तारे दहा ते तीस लाख वर्षांचे, पट्ट्याच्या आसपासचे तारे सुमारे पन्नास लाख वर्षांचे, आणि पट्ट्याच्या वायव्येला विखुरलेला गट सुमारे एक कोटी वर्षांचा. वायूही याच क्रमाने बदलतो: तेजोमेघाशी तो दाट आहे, पट्ट्यापाशी फाटलेला आणि विरळ, वायव्येला जवळजवळ नाहीच. जड ताऱ्यांच्या गटांचे असे वयानुसार पोटगट पडतात हे आड्रियान ब्लाउ यांनी १९६४ मध्ये दाखवले, आणि एका गटाने दाबलेल्या वायूतून पुढचा गट जन्मतो अशी साखळी एल्मग्रीन आणि लाडा यांनी १९७७ मध्ये सुचवली. ताऱ्यांची अंतरे आणि गती टिपलेल्या गाया उपग्रहाच्या मोजमापांनंतर हे चित्र पूर्वीइतके सुटसुटीत राहिलेले नाही. वेगवेगळ्या वयांचे गट एकाच दृष्टिरेषेत मिसळलेले आढळतात. तरीही नुसत्या डोळ्यांनी वयाचा उतार पाहण्यासाठी यापेक्षा चांगली रेषा आकाशात नाही.

पट्ट्याच्या पूर्वेकडील ताऱ्याच्या थोडे खाली सिग्मा हा तारा आहे. त्याच्या अतिनील प्रकाशाने शेजारच्या काळ्या मेघाची कड जळत आहे, आणि त्या कडेतून पुढे आलेला दाट तुकडा म्हणजे प्रसिद्ध अश्वमुख. तो द्विनेत्रीत दिसत नाही. मोठ्या दुर्बिणीतही अनुभवी डोळा आणि विशेष गाळणी लागते. पण तो तेथे का आहे हे लक्षात घ्यावे: भोवतालचा विरळ वायू आधी उडून गेला, दाट गोळा मागे उरला.

या सर्वांना पूर्वेकडून वेढणारी एक प्रचंड कमान आहे. बर्नार्ड यांनी ती १८९४ मध्ये छायाचित्रात नोंदवली. तिची लांबी दहा अंशांहून अधिक आहे, आणि ती पश्चिमेला एरिडॅनस तारकासमूहापर्यंत पसरलेल्या एका महाफुग्याचा भाग मानली जाते. हा फुगा गेल्या काही दशलक्ष वर्षांत मृगातील अनेक जड ताऱ्यांच्या वाऱ्यांनी आणि स्फोटांनी मिळून फुगवला आहे. डोळ्यांनी ही कमान दिसण्याची आशा ठेवू नये. मात्र ३५ किंवा ५० मिलिमीटरचे भिंग, पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करणारी तिपाई आणि एकूण तास-दोन तासांचे छायाचित्रण एवढ्या सामग्रीवर ती तोरणमाळसारख्या ठिकाणाहून टिपता येते. साध्या कॅमेऱ्यातील गाळणी नेमका ६५६.३ नॅनोमीटरचा बराचसा प्रकाश अडवते, म्हणून खगोल-छायाचित्रणासाठी ती गाळणी बदललेला कॅमेरा मिळाल्यास काम फार सोपे होते.

मृगाच्या खांद्यावरचा तांबडा काक्षी आणि पायाचा निळसर राजन्य हे दोघेही अतिनवतारा होण्याच्या वाटेवर आहेत. काक्षीचा स्फोट पुढील एक लाख वर्षांत कधीही होऊ शकतो, असे मानतात. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तो इतका मंदावला की रोहिणीपेक्षाही फिका दिसू लागला. स्फोट जवळ आल्याची चर्चा झाली, परंतु कारण निघाले ते त्याने स्वतः बाहेर टाकलेल्या द्रव्यातून थिजलेली धूळ आणि पृष्ठभागावरचा थंड डाग. अशी धूळ पुढच्या ताऱ्यांच्या आणि ग्रहांच्या कामी येते. काक्षी आणि त्याच्या समोरच्या खांद्याचा तारा यांच्या मधोमध वर मृगशीर्षाचा लहानसा त्रिकोण आहे, आणि द्विनेत्रीत त्याच्याभोवती मोकळा तारकागुच्छ दिसतो. या गुच्छाभोवती कित्येक अंश व्यासाचे रेणवीय वायूचे कडे आहे, आत वायू विरळ, कड्यावर कोवळे तारे. सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी येथे एक तारा फुटला असावा असे मत मांडले गेले आहे. मृग पाहणाऱ्यांपैकी फार थोडे लोक येथे थांबतात. मला मात्र स्फोटाचा परिणाम समजून घेण्यासाठी ही जागा खेकडा तेजोमेघापेक्षा बोधप्रद वाटते.

स्फोटानंतर

खेकडा तेजोमेघ पाहायचाच, कारण तो सहज सापडतो. वृषभाच्या दक्षिणेकडील शिंगाच्या टोकावरील ताऱ्यापासून सुमारे एक अंश वायव्येला तो आहे आणि खानदेशातून जवळजवळ डोक्यावरून जातो. काळोख्या रात्री द्विनेत्रीत तो फिकट डागासारखा दिसतो. १०५४ मध्ये चिनी ज्योतिषांनी नोंदवलेल्या स्फोटाचे हे अवशेष, अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे, प्रसरणाचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० किलोमीटर. परंतु हजारेक वर्षे म्हणजे अवशेषाचे बालपण होय, त्याने भोवतालचा वायू अद्याप फारसा गोळा केलेला नाही.

पुढे काय होते ते असे. स्फोटाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के न्यूट्रिनो, म्हणजे द्रव्यातून जवळजवळ न अडता जाणारे सूक्ष्म कण, घेऊन जातात. उरलेल्या एक टक्क्यातून निघालेला आघात-तरंग आधी जवळजवळ अडथळ्याविना धावतो, मग गोळा केलेल्या वायूचे वजन जाणवू लागते, आणि सरासरी घनतेच्या वायूत काही दशसहस्र वर्षांनी कवच इतके थंड होते की ते स्वतःची उष्णता प्रारणाने गमावू लागते. तेथून पुढे ते केवळ आपल्या संवेगावर सरकते, आणि वखराच्या पासेपुढे काडीकचरा साठत जातो तसा वायू त्याच्यापुढे साठत जातो. वृषभाच्या उत्तरेकडील शिंगाच्या टोकाजवळ सिमाइस १४७ नावाचा असाच सुमारे चाळीस हजार वर्षे वयाचा अवशेष आहे; त्याचा व्यास सुमारे तीन अंश, म्हणजे पूर्ण चंद्राच्या सहापट, आणि तो तुटक धाग्यांच्या जाळ्यासारखा फक्त छायाचित्रातच दिसतो. दोन्ही शिंगांची दोन टोके एकाच नजरेत ठेवून लहान आणि वृद्ध अवशेषांची तुलना करावी.

आकाशगंगेत असे स्फोट दर शतकाला सरासरी दोन होतात. त्यांचे कोट्यवधी वर्षांचे एकत्रित काम पाहता, ताऱ्यांमधील जागा लाखो अंश तापलेल्या अतिविरळ वायूने मोठ्या प्रमाणात व्यापलेली असून थंड मेघ तिच्यात तुकड्यातुकड्यांनी तग धरून असतात, असे चित्र मॅकी आणि ऑस्ट्राइकर यांनी १९७७ मध्ये मांडले. यातील थंड उदासीन हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, म्हणजे १,४२० मेगाहर्ट्झवर रेडिओ लहरी सोडतो. नारायणगावजवळ खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही दुर्बीण ज्या वारंवारतांवर काम करते त्यांत हीही आहे. स्फोटांच्या अवशेषांची निरीक्षणेही तेथे होतात.

चिथावणीचा निवाडा

फुगलेल्या कवचाच्या कडेवर कोवळे तारे दिसले की ते कवचाने वायू दाबल्यामुळेच जन्मले, असे म्हणण्याचा मोह होतो. गरुड तेजोमेघातील वायूच्या स्तंभांच्या १९९५ च्या हबल छायाचित्रानंतर तर हे गृहीतच धरले जाऊ लागले. नोंदवहीत असे काही लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. कोवळ्या ताऱ्यांचे वय कवचाच्या वयापेक्षा कमी आहे का? कवच तेथे पोचण्यापूर्वीच तेथे दाट गोळा होता का, म्हणजे तारा एरवीही झालाच असता का? आणि कडेवर जेवढे तारे झाले त्यापेक्षा अधिक वायू आत उधळला गेला का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा होय येते. दुसऱ्याचे उत्तर एकाच मेघाकडे पाहून देता येत नाही. तिसऱ्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी होय आहे, आणि म्हणूनच साधारण रेणवीय मेघ आपल्या वायूपैकी जेमतेम काही टक्केच ताऱ्यांत घालून विस्कटतो. जड तारे काही ठिकाणी जन्माला चालना देतात हे खरे, पण सगळा हिशेब मांडला की त्यांचे काम लगाम घालण्याचे ठरते, असे माझे मत आहे.

काक्षीच्या पूर्वेला एकशृंग तारकासमूहातील सुमारे ५,००० प्रकाशवर्षे दूरचा गुलाब तेजोमेघ या प्रश्नांच्या सरावासाठी चांगला आहे. द्विनेत्रीत मध्यभागाचा लांबट तारकागुच्छ स्पष्ट दिसतो. त्याच्याभोवतीची कोरलेली पोकळी आणि बाहेरचे कडे मात्र छायाचित्रात पाहावे.

दक्षिणेकडे, आणि उन्हाळ्यात

मार्चच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला सुमारे २२ अंश उंचीवर गॅमा व्हेलोरम हा तारा येतो. तो अगस्त्याच्या पूर्वेला आहे. या जोडीतील एक तारा वुल्फ-राये प्रकारचा आहे, म्हणजे ज्याने आपले बाहेरचे हायड्रोजनचे आवरण गमावले आहे असा, स्फोटापूर्वीच्या शेवटच्या टप्प्यातला तारा, आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याच भागात सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष पसरलेला आहे. एप्रिलच्या मध्यावर पावणेदहाच्या सुमारास क्षितिजापासून अवघ्या नऊ अंशांवर कॅरिना तेजोमेघ येतो. १८४३ मध्ये काही काळ आकाशातील दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा ठरलेला ईटा कॅरिनी त्याच्यात आहे. सपाट, धूळविरहित दक्षिण क्षितिज मिळाले तरच तो पाहण्यात अर्थ आहे. वावटळींच्या दिवसांत प्रयत्न करू नये.

मे अखेरीस मध्यरात्रीच्या थोड्या नंतर वृश्चिकातील ज्येष्ठा सुमारे ४३ अंश उंचीवर मध्यमंडलावर येते, आणि तोवर उकाड्यामुळे माणसे धाब्यावर किंवा गच्चीवर झोपायला आलेलीच असतात. ज्येष्ठा हीसुद्धा काक्षीसारखीच तांबडी, स्फोटाच्या वाटेवरची. ती ज्या जड ताऱ्यांच्या समूहातली आहे तो वृश्चिकापासून नरतुरंगापर्यंत पसरलेला असून त्यातील ताऱ्यांची वये सुमारे एक ते दोन कोटी वर्षांच्या दरम्यान आहेत. याच समूहातील पूर्वी फुटलेल्या ताऱ्यांनी आपल्याभोवती सुमारे एक हजार प्रकाशवर्षे रुंदीची पोकळी कोरली आहे आणि सूर्य आज तिच्या आत आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्रिमितीय अभ्यासानुसार ही पोकळी सुमारे एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वीपासून पंधराच्या आसपास स्फोटांनी घडली, तिचे कवच आजही सेकंदाला सुमारे ६.७ किलोमीटर वेगाने सरकत आहे, आणि आपल्या परिसरातील कोवळ्या ताऱ्यांच्या बहुतेक सर्व जागा त्या कवचावर आहेत. समुद्रतळाच्या खडकांत लोह-६० हे २६ लाख वर्षे अर्धायुष्य असलेले समस्थानिक सापडते. पृथ्वी जुनी आणि हे लोह अल्पायुषी, तेव्हा ते गेल्या काही दशलक्ष वर्षांतील जवळच्या स्फोटांतूनच येथे पडलेले असणार.

ज्येष्ठेपासून तीन अंश उत्तर-वायव्येला रो ऑफियुकी हा अंधुक तारा शोधावा. द्विनेत्रीत त्याच्याभोवती तारे एकदम कमी झाल्यासारखे वाटतात. तेथे तारे कमी नाहीत. सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरच्या दाट, थंड, धुळीच्या मेघाने मागचे झाकले आहेत. हा मेघ त्या पोकळीच्या भिंतीवर आहे आणि त्याच्यात आत्ता तारे जन्मत आहेत. आधी ज्येष्ठा, मग हा काळा भाग, मग पुन्हा ज्येष्ठा असे पाहत दोन्हींच्या नोंदी एकाच पानावर घ्याव्यात आणि मृगाच्या पट्ट्यापासून तेजोमेघापर्यंतच्या हिवाळी नोंदींशी ताडून पाहाव्यात: वयाचा उतार येथे कोणत्या दिशेने आहे, आणि दाट वायू त्या उताराच्या कोणत्या टोकाला उरला आहे.